पद्मिनीतला पेट्रोलचा वास: कसा शोधला, किती वेळ आणि पैसे लागले

आमच्याकडे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती नवी घेतली आणि आजही ती त्यांच्याच नावावर आहे. मार्च २०२४ मध्ये तिच्यात पेट्रोलचा वास येऊ लागला आणि जूनमध्ये तो पूर्ण गेला. मधल्या काळात सांगली, मिरज, कुपवाड इथल्या गॅरेजांत ज्यांना विचारलं, त्यातल्या बहुतेकांचं उत्तर एकच होतं: "ताई, जुन्या गाडीला थोडा वास असायचाच." हेच उत्तर ज्यांना मिळालंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गाडी कितीही जुनी असो, बंद काचांच्या आत पेट्रोलचा वास येतोय याचा अर्थ कुठूनतरी पेट्रोल किंवा त्याची वाफ सुटते आहे. ती जागा सापडते. वेळ लागतो, पण सापडते.

आधी गाडीबद्दल थोडं. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवायची. १०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्स कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग), इंजिनाच्या अंगाला बसवलेला यांत्रिक पेट्रोल पंप, स्टिअरिंगला गिअर. आजच्या गाड्यांत टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात अडवली जाते आणि मग इंजिनात जाळली जाते. पद्मिनीत तशी सोय नाही, वाफ सरळ हवेत जाते. त्यामुळे टाकीच्या झाकणाला नाक लावलं तर वास येणारच, तो बिघाड नव्हे. तोच वास सीटवर बसल्यावर येत असेल, किंवा सकाळी शेडचं दार उघडताच अंगावर येत असेल, तर मात्र शोध घ्यायलाच हवा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुढे तिचा संबंध येतो. आमचं घर सांगलीच्या गावभागात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या गल्लीतही पाणी शिरलं आणि गाडी सीटपर्यंत बुडाली. पूर ओसरल्यावर इंजिन उघडून साफ झालं, वायरिंग बदललं, सीटं नवी केली. टाकी आतून धुऊन पुन्हा जागेवर बसवली.

मार्चमध्ये वास आला तेव्हा घाई दोन कारणांनी होती. गाडीची नोंदणी १८ जून २०२४ ला संपत होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते, आणि त्यासाठी पीयूसी, विमा, आरटीओची तपासणी हे सगळं आलं. दुसरं कारण अण्णा. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दर महिन्याला एखाद्या गुरुवारी औदुंबरला जायचं आणि याच गाडीने जायचं हा त्यांचा नेम. मार्चमधल्या एका फेरीनंतर त्यांचं डोकं दिवसभर दुखत राहिलं. आईने त्याच संध्याकाळी किल्ली तांदळाच्या डब्यात ठेवली. पुण्याहून भावाचा फोन आला, "आता द्या ती भंगारात." अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेडमध्ये जाऊन गाडी पुसत होते. मला वाईट वाटलं ते त्या गप्प राहण्याचं. मी ठरवलं की निदान वास कशामुळे येतो हे कळेपर्यंत भंगाराचा विषय घरात निघणार नाही.

पहिलं काम सुरक्षिततेचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचते. बंद शेड, गाडीखालचा खड्डा, डिकीचा तळ या तिच्या आवडत्या जागा. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्का झालं तरी एक ठिणगी पुरते. म्हणून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली, शेडच्या दाराची खालची फळी काढून हवा खेळती केली, देवघरातली समई शेडच्या बाजूच्या खिडकीतून हलवली आणि नऊशे रुपयांचं पावडरचं अग्निशामक नळकांडं आणून दाराशी टांगलं. शोधाशोध करताना बॅटरीवरचा एलईडी टॉर्चच वापरला. वायर लांबवून लावलेला बल्ब गॅरेजमध्ये सर्रास दिसतो, तो अशा कामात नको. काडी ओढून बघणारेही असतात. तसं कुणी करू लागलं तर तिथून गाडी परत आणा.

मग माणूस शोधणं. ओळखीतून मिरजेचे एक चाचा मिळाले. त्यांनी आयुष्यभर फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरवर काम केलंय, आता गॅरेज मुलगा बघतो आणि ते स्वतः फक्त जुन्या गाड्यांना हात लावतात. फोनवर मी सांगितलं, वास येतोय, कुठून येतो कळत नाही. ते म्हणाले, "कुठून ते नाकाला कळत नाही ताई. कधी येतो ते लिहून काढा. ताप सकाळी येतो का रात्री, हे डॉक्टर विचारतोच की."

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच. मी एक वही केली. प्रत्येक वेळी लिहायचं: वेळ, इंजिन थंड की गरम, टाकी किती भरलेली, काचा उघड्या की बंद, वास पुढे जास्त की मागे, आणि गाडी उभी, चालती की वळणावर. वास घ्यायला अण्णांचा उपयोग नव्हता. चाळीस वर्षं त्या गाडीत बसून त्यांना तो जाणवेनासा झाला होता, आणि दहा मिनिटं शेडमध्ये उभं राहिलं की माझंही तेच व्हायचं. माझ्या आठवीतल्या मुलाचं नाक कामाला आलं. तो सकाळी शाळेला निघायच्या आधी, बाहेरच्या मोकळ्या हवेतून थेट येऊन दार उघडायचा आणि सांगायचा.

मार्चअखेर वही वाचली तेव्हा लक्षात आलं की मी ज्याला एक वास समजत होते ते निरनिराळे वास होते. एक सकाळचा, थंड इंजिनाचा, बॉनेटकडून येणारा. एक गाडी तापवून उभी केल्यावर पाच-दहा मिनिटांनी येणारा. एक फक्त पेट्रोल भरल्यानंतरचे काही दिवस, मागच्या सीटवर, वळणावर जास्त. आणि एक धुरासारखा, डोळे चुरचुरवणारा, काचा उघड्या ठेवून वेगात जाताना. या प्रत्येकाचं कारण वेगळं निघालं. एक दुरुस्ती करून वास गेला नाही म्हणून लोक कंटाळतात आणि गाडी विकतात. खरं तर तेव्हा एक कारण गेलेलं असतं आणि दुसरं उरलेलं असतं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी चाचा घरी आले. आधी थंड इंजिनाचा वास. पंपाच्या आणि कार्ब्युरेटरच्या जोडांवर त्यांनी आईकडून घेतलेली टाल्कम पावडर हलक्या हाताने भुरभुरली आणि इंजिन थोडा वेळ चालवून बंद केलं. जिथे पेट्रोल झिरपत होतं तिथे पांढऱ्यावर ओला, पिवळसर डाग उमटला. पंपातून कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी वाकवली तर बाहेरून भेगा पडलेल्या, आणि कापून पाहिली तर आतून मऊ, चिकट झालेली. काही जोडांवर क्लिप नव्हतीच, बांधायची तार पिळून लावलेली होती. तार रबराला एकाच रेघेत कापते.

इथे इथेनॉलबद्दल लिहायला हवं, कारण प्रत्येक गॅरेजमध्ये तोच शब्द ऐकू येतो. जून २०२२ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आलं. आपल्याकडच्या उसातूनही ते इथेनॉल तयार होतं, कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आपण रोज पाहतो. १९८४ च्या गाडीचं रबर या मिश्रणासाठी बनलेलं नाही. इथेनॉलमुळे जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, आणि टाकीत वर्षानुवर्षं साठलेला थर सुटून फिल्टर तुंबतो. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीला आतून गंज लागायला मदत होते. नळ्यांच्या बाबतीत दोष त्याचा होता, हे मला पटतं. पण प्रत्येक वासाचं खापर इथेनॉलवर फोडून गाडी परत पाठवणं मला पटत नाही. आमच्याकडचा सर्वांत मोठा दोष त्याचा नव्हताच.

नळ्या घेताना दुकानात दोन प्रकार दिसले. साधी काळी नळी ऐंशी-नव्वद रुपये मीटर. दुसरी इंजेक्शनच्या गाड्यांना वापरतात ती, आतून फ्लोरोरबराचा थर असलेली, आमच्या मापात ३८० रुपये मीटर. तिच्या अंगावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असतं, ते वाचूनच घ्या. जुन्या नळीचा तुकडा सोबत न्या, आतला व्यास तंतोतंत जुळला पाहिजे. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत जिथे जिथे रबर होतं ते सगळं एकदम बदललं, क्लिपा गोल दाबणाऱ्या घेतल्या. नळ्या आणि क्लिपा मिळून दीड हजार.

त्याच दिवशी चाचांनी ऑइलची पट्टी काढून माझ्या हातात दिली. "वास घ्या." पट्टीला पेट्रोलचा वास होता आणि ऑइलची पातळी खुणेच्या वर चढलेली. पंपाच्या आतला पडदा फाटला की पेट्रोल खाली इंजिनात उतरतं आणि ऑइल पातळ होतं. पातळ ऑइलवर गाडी चालवत राहिलं तर बेअरिंगं जातात, म्हणजे काही शे रुपयांचं काम इंजिनावर येतं. पंपाच्या अंगाला खाली एक बारीक भोक असतं, तिथे ओल दिसली तर पडदा गेला समजायचं. ही पट्टी कुणीही घरी काढून बघू शकतं, तेवढं आजच करा. पडद्याचा किट सांगली-मिरजेत मिळाला नाही. पुण्याच्या नाना पेठेतल्या एका दुकानात फोन करून पंपाचा फोटो पाठवला, भावाने तिथे जाऊन पैसे भरले आणि एसटीच्या पार्सलने किट आला. किट ४५० रुपये, नवीन ऑइल आणि फिल्टर दीड हजार. भाऊ स्वतः नाना पेठेत गेला, याचं अण्णांना फार बरं वाटलं.

या दोन कामांनंतर सकाळचा वास बंद झाला. मुलगा दार उघडून "पुढे काही नाही" म्हणाला तेव्हा पहिल्यांदा धीर आला.

तापलेल्या इंजिनाचा वास एप्रिलच्या उन्हात वाढला. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण आहे आणि त्यातले हलके घटक ३५ अंशांच्या आसपासच उकळू लागतात. सांगलीत एप्रिलमध्ये बाहेरच चाळीस असतं. इंजिन बंद केलं की पंखा आणि पाणी थांबतं, बॉनेटखालची उष्णता उलट वाढते, आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडायला लागतं. थोडं उडणारच. आमच्याकडे मात्र ते जास्त होतं. चाचांनी गाडी तापवली, बंद केली, एअर फिल्टर काढला आणि टॉर्चने कार्ब्युरेटरच्या घशात पाहायला सांगितलं. मुख्य नळीच्या टोकाशी थेंब धरून पडत होता, इंजिन बंद असूनही. म्हणजे वाटीत येणारं पेट्रोल अडवणारा सुईचा व्हॉल्व्ह नीट मिटत नव्हता आणि वाटीतली पातळी वर राहत होती. फ्लोट, म्हणजे वाटीतला तरंगता भाग, काढून हलवून पाहिला, गरम पाण्यात बुडवून पाहिला, बुडबुडे आले नाहीत, म्हणजे तो शाबूत होता. सुई आणि तिची बैठक बदलली, सगळ्या पॅकिंग नव्या घातल्या, कार्ब्युरेटरखालचा उष्णता अडवणारा ठोकळा साफ करून बसवला, फ्लोटची पातळी मोजून लावली. किट सातशे रुपये. चोकची केबलही सुकून अर्धवट अडकत होती. चोक पूर्ण उघडत नसेल तर इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जातं आणि न जळता धुराड्यातून बाहेर पडतं.

याच सुमारास पीयूसीला गेले, आणि इथे मला एक उपयोगी गोष्ट कळली. ते यंत्र म्हणजे नुसता सरकारी कागद मिळवायची जागा नव्हे, रोगनिदानाचं साधन आहे. आमच्या गाडीइतक्या जुन्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. कार्ब्युरेटर उघडायच्या आधी तिथल्या मुलाने मोजून दाखवलं तेव्हा कार्बन मोनॉक्साइड ५.४ आणि हायड्रोकार्बन १९०० च्या वर होतं. दुरुस्तीनंतर २.१ आणि ७०० च्या घरात आलं. न जळालेलं पेट्रोल किती कमी झालं हे आकड्यात दिसलं. पीयूसीचे सव्वाशे रुपये. या वयाच्या गाडीला ती सहा महिनेच चालते, हे लक्षात ठेवून तारीख लिहून ठेवा. आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोलचा वास आत येतोय तर धूरही येत असू शकतो, अण्णांच्या डोकेदुखीमागे मला तोच संशय आहे.

मे महिना टाकीत गेला.

टाकी पावभर असताना मागे काहीही वास नसायचा. भरली की यायचा, आणि विश्रामबागकडून येताना वळणांवर जास्त. हे वहीत स्पष्ट होतं. चाचांनी मागचं सीट काढलं, त्यामागचा पुठ्ठा काढला, डिकी रिकामी केली. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंतची जाड रबरी नळी कडक होऊन चिरली होती. टाकीच्या मीटरच्या युनिटखालची पॅकिंगही वाळून गेली होती. दोन्ही बदललं, सहाशे रुपये. वास कमी झाला, गेला नाही.

मग टाकी उतरवली. उतरवण्याआधी पेट्रोल पत्र्याच्या कॅनमध्ये काढून घेतलं, उघड्यावर, सकाळी लवकर. टाकी उलटी केल्यावर कारण समोर होतं. दोन भाग जोडलेल्या शिवणीच्या खाचेत आणि टाकी आवळणाऱ्या पट्टीखालच्या नमद्यात (जाड लोकरी थरात) २०१९ च्या पुराचा गाळ तसाच बसलेला, घट्ट, काळसर. पाच पावसाळे तो ओल धरून होता आणि खालचा पत्रा बाहेरून खात होता. शिवणीलगत टाचणीच्या टोकाएवढी भोकं. शिवण टाकीच्या मध्यावर आहे, म्हणून अर्ध्याच्या वर पेट्रोल गेलं की झिरपायचं आणि वळणावर हिंदकळून जास्त. आतून टाकी धुतली होती, ती आतून बऱ्यापैकी स्वच्छही होती. पुरात बुडालेली गाडी ज्यांनी ठेवली आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: टाकी खाली उतरवून तिची बाहेरची बाजू, पट्ट्या आणि नमदा बघा. आपल्या भागात अशा गाड्या खूप आहेत, २०२१ ला पुन्हा पाणी आलं होतं.

पहिल्या ठिकाणी दाखवली तिथला माणूस म्हणाला, "ठेवा, अर्ध्या तासात वेल्डिंग मारून देतो." मी टाकी उचलून घेतली. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत हवा आणि वाफ यांचं पेटणारं मिश्रण असतं. टाकी न धुता तिच्यावर ज्योत धरणं म्हणजे जीव धोक्यात घालणं आहे. कुणी एम-सील सुचवलं, कुणी साबणाची वडी घासायला सांगितली. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, रस्त्यात गळती लागली तर घरी पोचण्यापुरता तो चालतो. कायमचा इलाज म्हणून नाही.

कोल्हापूर रोडवर रेडिएटर आणि टाक्यांचं काम करणारे एक मामा सापडले. त्यांनी आधीच सांगितलं, "घाई असेल तर देऊ नका." लग्नसराई, गर्दी, आणि त्यांची कामाची पद्धतही सावकाशीची. कॉस्टिक घातलेल्या गरम पाण्याने टाकी अनेकदा धुतली, तोंडं उघडी ठेवून उन्हात वाळवली, पुन्हा धुतली. मग भोकं वरच्या बाजूला येतील अशी टाकी ठेवून, त्यांच्या जवळपर्यंत पाणी भरून, झाळकाम केलं, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधलं. खाल्लेल्या पत्र्यावर पितळी पट्टी झाळली. शेवटी सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरली आणि शिवणीवर साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही. बाहेरून रेड ऑक्साइड आणि काळा रंग. २८०० रुपये आणि जवळजवळ दोन आठवडे. या दिवसांत अण्णा रोज विचारायचे, "टाकी आली का गं?" मी "उद्या" म्हणायची. नोंदणीची तारीख जवळ येत होती आणि मला रात्री नीट झोप लागत नव्हती. तरीही त्या मामांना मी एकदाही घाई केली नाही, आणि तुम्हीही करू नका.

टाकी नव्या नमद्यावर बसवली. पेट्रोल काठोकाठ भरलं, गाडीखाली पांढरा पुठ्ठा अंथरला आणि रात्रभर ठेवली. सकाळी पुठ्ठा कोरडा. मुलगा आत बसून आला आणि म्हणाला, "नव्या रबराचा वास येतोय फक्त."

त्यानंतरच्या गुरुवारी अण्णांना घेऊन औदुंबरला गेलो. आईही आली. जाताना काचा बंद होत्या, काही त्रास नाही. येताना भिलवडीच्या पुढे अण्णांनी काच उतरवली आणि तो चौथा, डोळे चुरचुरवणारा वास आला. हा धुराड्याचा. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, धूर तिथे घुटमळतो आणि डिकीच्या फटीतून आत ओढला जातो. काच उघडली की ओढ आणखी वाढते. घरी आल्यावर कागदाची पट्टी डिकीच्या झाकणात धरून झाकण लावलं आणि ओढून पाहिलं. उजव्या कोपऱ्यात ती अलगद निघून आली, म्हणजे तिथे रबर दबतच नव्हतं. डिकीचं नवं रबर ९५० रुपये, मागच्या दिव्यांच्या वायरी जिथून आत येतात तिथल्या भोकांचे ग्रोमेट, म्हणजे रबरी कडी, हेही बदलले. काम तासाभराचं. हा दोष पहिल्याच आठवड्यात शोधता आला असता का? मला वाटतं नाही. बाकीचे वास असताना तो वेगळा ओळखूच येत नव्हता.

आता कागदांचं. नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे फॉर्म २५, मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत करता येतो, त्याआधी नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज भरायला बसले तर ओटीपी येईना. २०१९ ला ज्या एजंटकडून काम केलं होतं, त्याने स्वतःचा मोबाइल नंबर टाकला होता. नंबर बदलायला चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे अंक आणि नोंदणीची तारीख लागते. हे सगळं आरसी पुस्तकात आहे, पण आमच्या पुस्तकाची शाई पुरात पसरली होती. इंजिनावरचा नंबर रॉकेलच्या बोळ्याने पुसून वाचला. ज्यांच्या गाड्यांना जुना तीन अक्षरी क्रमांक आहे त्यांनी मुदतीच्या खूप आधी आपली नोंद ऑनलाइन दिसते का, मोबाइल कुणाचा आहे, हे बघून ठेवावं.

शुल्क २०२४ मध्ये पाच हजार होतं. एप्रिल २०२२ च्या आधी ते सहाशे होतं. पर्यावरण कर त्याशिवाय. मुदत उलटली तर चारचाकीला महिन्याला पाचशे रुपये दंड. काहींनी सुचवलं की व्हिंटेज म्हणून नोंद करा, पण २०२१ च्या त्या नियमाला गाडी पन्नास वर्षांच्या वरची लागते आणि मग ती रोजच्या वापराला चालत नाही. आमची चाळीसचीच.

तपासणीची तारीख १२ जून मिळाली. सकाळी लवकर गेलो, बरोबर विमा, पीयूसी, आरसी, अण्णांचं आधार आणि पॅन, आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. ठशासाठी चिकटपट्टी आणि मऊ पेन्सिल घरूनच न्या. साहेबांनी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हँडब्रेक पाहिले, बॉनेट उघडायला लावलं, चेसिस नंबर ताडून घेतला. नव्या नळ्यांकडे बोट दाखवून विचारलं, "हे कुणी केलं?" अण्णांनी चाचांचं नाव सांगितलं आणि मग पुराच्या गाळापासून सगळी हकिकत सांगायला सुरुवात केली. मागे रांग होती, तरी त्यांनी बरीचशी ऐकून घेतली. जुलैच्या मध्यावर नवं आरसी टपालाने आलं, जून २०२९ पर्यंत.

वासाच्या दुरुस्तीचा खर्च, चाचांचे अडीच हजार धरून, अकरा हजारांच्या आसपास गेला. प्रत्यक्ष कामापेक्षा वाट पाहण्यातच जास्त वेळ गेला. चाचांचा रविवार, पुण्याचं पार्सल, मामांची टाकी. तुमच्याकडे कागदांची मुदत असेल तर निदान तीन महिने आधी हात घाला.

आता महिन्यातून एकदा ऑइलची पट्टी हुंगते, नळ्या वाकवून बघते, टाकीखाली पुठ्ठा अंथरते. गाडी उभी राहणार असेल तर थोडंच पेट्रोल ठेवते आणि आठवड्यातून एकदा तरी चालवते. टाकीच्या मीटरचा काटा मात्र अजून अर्ध्याच्या खाली उतरत नाही. युनिटची तार झिजली आहे असं चाचा म्हणतात. नाना पेठेत सांगून ठेवलंय, तोपर्यंत पेट्रोल भरलं की किलोमीटरचा आकडा वहीत लिहिते.